तीन टाळ्या

महानंदाबाई,

तुम्ही हसत नव्हतात. हे आधी लिहून ठेवतो, कारण त्या दिवशी उदगीरला जमलेल्यांपैकी बहुतेकांनी याच्या उलट सांगितलं, आणि वारंवार सांगितलेलं पुढे खरं मानलं जातं. तुमच्या समाजाच्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवलं होतं. मांडी घातलेली, पाठ ताठ, कपाळभर विभूती, मान ढळू नये म्हणून मागून पांढऱ्या कापडाचा आधार. तसंच बसवून समाधीच्या खड्ड्यात उतरवलं. माझ्याशेजारी तुमचा पुतण्या उभा होता. तो हळूच म्हणाला, "बगा सर, काकू अजून हसूनच राहिल्यात." मागच्या दोन बायांनी मान हलवली. चूक दिसली की दुरुस्त करायची ही माझी जन्माची खोड. पण ती जागा दुरुस्तीची नव्हती.

मी पाहिलं ते असं. ओठ मिटलेले होते. डाव्या भुवईवर विभूतीचा एक खडा राहून गेला होता. परिपाठाच्या वेळी पोरं गप्प होण्याची वाट पाहत तुम्ही ओट्यावर उभ्या राहायचात, तेव्हा चेहऱ्यावर क्षणभर एक कोरेपणा यायचा. तोच होता, फक्त तो क्षण आता संपत नव्हता. असा क्षणापलीकडे टिकलेला तुमचा न हसणारा चेहरा मी आयुष्यात दोनदा पाहिला. ही दुसरी वेळ. पहिली वेळ आपल्या शाळेतली, आणि तिच्याविषयीच मला तुमच्याशी बोलायचं आहे. ते बोलणं बावीस वर्षं राहिलं.

बिलोली तालुक्यातलं आपलं ते गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत. तुम्ही रुजू व्हायला आलात तेव्हा पावसाळा होता आणि त्या चार किलोमीटरांत रस्ता असा नव्हताच. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिशवीत गुंडाळलेला आदेश, गुडघ्यापर्यंत काळी माती. मी मुख्याध्यापक या नात्याने रीतसर विचारलं, येताना त्रास झाला का. तुम्ही म्हणालात, "छलो झालं सर. गाव कसं हाय ते पायाला कळलं."

छलो म्हणजे चांगलं. तुमच्या उदगीरकडे कानडीतून आलेला शब्द. त्या दिवशी मी तो पहिल्यांदा ऐकला, आणि पुढची बारा वर्षं तो ऐकल्याशिवाय माझी शाळा कधी सुटली नाही. वर्गाचं छत गळू लागलं, तर खाली बादली ठेवून तुम्ही पोरांना मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजायला लावलंत, छलो. जीप भरेना म्हणून फाट्यावर तासभर खोळंबलो, तर तुमच्या पिशवीतून भाजलेल्या शेंगा निघाल्या, छलो. एका वर्षी खडू इतके ठिसूळ आले की डबा उघडायच्या आत त्यांचे तुकडे झाले. मी तक्रारीचा मसुदा लिहायला बसलो आणि तुम्ही ते तुकडे पोरांना वाटून टाकलेत. एका खडूत चौघं फळ्यावर लिहून राहिलेत सर, असं मला येऊन सांगितलंत. माझा मसुदा अर्धाच राहिला.

आता स्पष्ट लिहितो, बाई. मला हे आवडत नसे. गावाला तुम्ही आवडायचात, पोरांना तर फारच. पण माझ्या मते तो गुण नव्हता, ती एक सवय होती, आणि सवय विचार करत नाही. आनंदात असणं ही एक गोष्ट. विचारणाऱ्याला आनंदात आहे असं सांगून मोकळं करणं ही दुसरी. हा फरक मी तुम्हाला समजावून सांगण्याचा प्रयत्न केला होता. तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत आणि म्हणालात, सर, तुमी लई छलो समजावून सांगता.

हापशाचं प्रकरण तुम्हाला आठवत असणारच. शाळेचा हापसा फेब्रुवारीत बिघडला. मी तीन अर्ज केले, तिन्हींच्या पोच घेतल्या. अखेर विस्तार अधिकारी शाळा पाहायला आले, आणि नेमका त्या दिवशी मी बिलोलीला बैठकीत. शाळेत तुम्ही होतात. साहेबांनी जाता जाता विचारलं, काय बाई, काही अडचण? तुम्ही सवयीने म्हणालात, "न्हाई साहेब, सगळं छलो हाय." साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, अडचण नाही, आणि ते निघून गेले. त्या एका ओळीने माझे तीन अर्ज पुसले गेले. पाऊस पडेपर्यंत हापसा तसाच राहिला.

मी तुम्हाला फार बोललो. तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोक्यावर घागर घेऊन शेतापलीकडच्या विहिरीवर निघालात आणि मागे अख्खी चौथी, हातात तांबे आणि डबे. जाताना सात ते बाराचे पाढे, येताना तेरा ते एकोणीस. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत हे चाललं. सुट्टीआधी तुम्ही मला चौथीचे पाढे ऐकायला बोलावलंत. एकही पोर अडखळलं नाही. मी त्यांना शाबासकी दिली, आणि तुमच्यावरचा राग मात्र जसाच्या तसा ठेवला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या: पाढे पाठ झाले होते, आणि तीन महिने पोरं शाळेत तहानलेली होती. तुम्हाला पहिली दिसायची, मला दुसरी. दोन्ही एकदम पाहणारं आपल्यात कोणी नव्हतं.

परिपाठात 'आजची चांगली बातमी' तुम्ही सुरू केलीत ती त्यानंतर. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष हे सगळ्या शाळांत असतं. आपल्या शाळेत दिनविशेषानंतर रोज एका मुलाने पुढे यायचं आणि आपल्या घरातली एक चांगली गोष्ट सांगायची. गाय व्याली. मामा आला. काल भाजीत बटाटा होता. मग सगळ्या शाळेने एका तालात तीन टाळ्या. मला ती पद्धत शिस्तीच्या दृष्टीने बरी वाटली. पोरं बोलायला शिकत होती. मी परिपाठाच्या नोंदवहीत तिच्यासाठी एक रकाना आखला आणि रोजची बातमी स्वतःच्या हाताने लिहू लागलो. त्या नोंदवह्या आज असत्या तर मी हे सगळं तारखेनिशी लिहिलं असतं. पुढे जुनं दप्तर निकाली काढताना त्या रद्दीत गेल्या. निकाली काढल्याच्या कागदावर सही माझीच आहे.

म्हणून मार्गशीर्षातल्या त्या सकाळची तारीख मला सांगता येत नाही. पाळी तिसरीतल्या चंद्रकलेची होती. लहानखुरी, घट्ट वेण्या घालून येणारी. त्या दिवशी वेण्या सैल होत्या, कारण तिने त्या स्वतः घातल्या होत्या. आईबाप मिरची घेऊन धर्माबादला गेलेले, घरात ती आणि आजी. ओट्यावर येऊन, हात मागे बांधून, आपण शिकवलं होतं तशा मोठ्या आवाजात ती म्हणाली, "आजची चांगली बातमी. माझी आजी रोज रातभर खोकते. आज खोकलीच न्हाई. लई शांत झोपली हाय. मी तिच्या अंगावर वाकळ नीट करून आले."

पहिली टाळी तुमची. मग सगळ्या शाळेच्या तीन टाळ्या, एका तालात. मीही वाजवल्या. हे मी त्या वेळी कोणालाही सांगितलं नाही.

बाराच्या सुमारास चंद्रकलेच्या शेजारचा माणूस शाळेच्या दाराशी आला. तो काय सांगतो हे ऐकताना तुमचा चेहरा मी पाहिला. त्यावर दुःख होतं असं मी म्हणणार नाही. काहीच नव्हतं. पुसलेला फळा असतो तसा. तुम्ही वर्गात गेलात, चंद्रकलेचं दप्तर भरलंत, तिचा हात धरलात आणि शेतातल्या वाटेने गावाकडे गेलात. मी शाळा चालू ठेवली. माझ्या मते तेच माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, इतर शिक्षकांसमोर, मी ते वाक्य बोललो. ते मी आदल्या संध्याकाळी मनात नीट रचलं होतं, म्हणून आजही अक्षरशः आठवतं. मी म्हणालो, "बाई, तुमच्या त्या तीन टाळ्या त्या पोरीच्या कानात जन्मभर वाजत राहतील."

तुमच्या, असं म्हणालो. माझ्या दोन हातांचा उल्लेख केला नाही.

तुम्ही डबा बंद केलात. थोड्या वेळाने विचारलंत, "मंग काय करू सर? इचारायचंच सोडून देऊ?"

"सोडून द्या."

आणि मी सूचना वहीत तशी लेखी सूचना लिहिली: परिपाठात चांगली बातमी घेऊ नये. सगळ्या शिक्षकांच्या सह्या घेतल्या. तुमची सही सगळ्यांत वर आणि नेहमीइतकीच सुबक.

सूचना तुम्ही पाळलीत. परिपाठात त्यानंतर एकही चांगली बातमी आली नाही. पण आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की तुम्ही रोज पाऊण तास आधी येता आणि फाटकाशी उभ्या राहता. येणारं प्रत्येक पोर तुमच्यापाशी थांबायचं, काहीतरी सांगायचं, तुम्ही हसून त्याच्या पाठीवर थाप मारायचात, मग पोर आत. टाळ्या नाहीत, नोंद नाही. सूचनेत परिपाठाचा उल्लेख होता, फाटकाचा नव्हता. मी कार्यालयाच्या खिडकीतून पाहायचो. नियम मोडत नव्हता, म्हणून मी हरकत घेतली नाही. आणि आपण हरलो आहोत असं वाटत होतं, म्हणून बाहेर येऊन जवळ उभाही राहिलो नाही. बाकीची पोरं पळत आत जायची. चंद्रकला आली की मात्र तुम्ही खाली वाकायचात, तिच्या तोंडाशी कान न्यायचात, आणि ती बराच वेळ बोलायची. मला वाटायचं, एवढं होऊनही या बाईंचा हट्ट जात नाही. या पोरीकडूनसुद्धा चांगली बातमी काढून घेतल्याशिवाय या तिला आत सोडत नाहीत.

हे माझं मत मी कधी तपासून पाहिलं नाही. खिडकीपासून फाटक चाळीस पावलांवर होतं.

आपला तो वाद तसाच राहिला. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. तुम्ही भांडायला तयारच नसायचात. हिरव्या शाईचंच घ्या. तुम्ही वह्या हिरव्या शाईने तपासायचात. हिरवी शाई अधिकाऱ्यांची असते, शिक्षकाने लाल वापरावी, हे मी तुम्हाला दरवर्षी जूनमध्ये सांगितलं. दरवर्षी तुम्ही हो म्हणालात आणि जुलैत वह्या हिरव्याच. लाल शाईला पोरं भेतात सर, एवढंच तुमचं म्हणणं.

माझी पत्नी गेली तेव्हा मी चौदा दिवस रजेवर होतो. तुम्ही भेटायला आलात आणि अर्धा तास बसलात. मी मनातून सावध होतो. आता या म्हणतील, सुटल्या बघा वहिनी, छलो झालं. आणि म्हटलंच तर पुढचं बोलणं कायमचं बंद करायचं, असं मी ठरवूनही ठेवलं होतं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पंधराव्या दिवशी शाळेत आलो, तर माझ्या वर्गाच्या वह्यांचे दोन गठ्ठे टेबलावर होते. निबंधाच्या, गणिताच्या, शुद्धलेखनाच्या, सगळ्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हिरव्या शाईने तपासलेल्या. त्या वर्षी जूनमध्ये मी शाईचा विषय काढला नाही. आभारही मानले नाहीत. मुख्याध्यापकाने सहशिक्षिकेचे आभार मानायचे तर ते कोणत्या वहीत लिहायचे, हे मला माहीत नव्हतं.

आता लातूरचं लग्न. तुमची बदली झाली, मग माझी निवृत्ती, मग तुमची. मी नांदेडला, तुम्ही लेकीजवळ लातूरला. वर्षातून दोन-तीन फोन. गेल्या वैशाखात माझ्या भाच्याचं लग्न लातूरला होतं आणि तुम्ही आलात. मला दिसलं होतं, बाई. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला न संपणारं ताट लगेच दिसतं. तुम्ही पुरीचे तुकडे करून ताटात इकडून तिकडे सरकवत होतात. हात वर केलात तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. मी विचारलं, तब्येत कशी आहे. तुम्ही म्हणालात, "छलो हाय सर. वजन जरा कमी झालंय, तर साडी कशी छलो बसून राहिली बगा."

मी हसलो. मला साडेतीनची नांदेडची बस गाठायची होती.

त्या वेळी पोटात दुखायला लागून तीन महिने झाले होते, हे मला तुमच्या लेकीकडून, विजयाकडून, नंतर कळलं. तिने तुम्हाला दोनदा डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन्ही वेळा डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो? दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, काही न्हाई, जरा गॅस हाय. दोन्ही वेळा गोळ्या मिळाल्या. रोग सापडला तो गणपतीनंतर, आणि तेव्हा तो काढून टाकण्यासारखा उरला नव्हता. विजया मला म्हणाली, "आईनं दुखतंय असं कुणाला म्हनलंच न्हाई, सर. मी पोटची पोर, मलासुद्धा न्हाई." हे सांगताना तिच्या आवाजात दुःखापेक्षा राग जास्त होता. मला तो ओळखीचा वाटला. हापशाच्या उन्हाळ्यात मला तोच आला होता.

शेरेबुकात एक ओळ लिहून निघून जाणाऱ्या त्या साहेबांना मी अनेक वर्षं दोष दिला. विचारलं ते निघता निघता, आणि मिळालेलं उत्तर खरं मानलं, हा त्यांचा दोष. लातूरच्या मांडवात मी यापेक्षा वेगळं काय केलं? उलट, ते साहेब तुम्हाला ओळखत नव्हते. मी बारा वर्षं तुमच्या त्या एका शब्दाशी वाद घालत होतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नये हे मला जितकं ठाऊक होतं, तितकं जगात कोणालाच नव्हतं. आणि ज्या दिवशी विश्वास न ठेवण्याची खरी गरज होती, त्या दिवशी मी तो ठेवला, कारण तो सोयीचा होता.

तुमच्याकडे शेवटचा आलो तो दिवस सोमवार होता. खिडकीजवळ खाट होती. तुम्ही उशीला टेकून बसला होतात आणि खाली गल्लीत टँकरभोवती लागलेली रांग पाहत होतात. मला म्हणालात की आज टँकर वेळेवर आला, आणि रांगेत भांडण झालं नाही. हातावर सुईचे डाग होते. आवाज इतका बारीक झाला होता की मला खुर्ची पुढे ओढावी लागली. विजया चहा ठेवून आत गेली. मी काय बोलावं ते ठरवून आलो होतो. त्या टाळ्यांत माझेही हात होते, एवढंच सांगायचं होतं. वाक्य तयार होतं. पण ते बोलायचं तर आजारी माणसापुढे चंद्रकलेच्या आजीचं मरण काढावं लागणार होतं, आणि मला धीर झाला नाही. मी औषधांच्या वेळा विचारत राहिलो. त्या एका कागदावर नीट लिहून भिंतीला लावाव्यात, अशी सूचनाही केली.

तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मग म्हणालात, "सर, इतकी वरसं पोरांनी सांगितली, मी सांगितली. तुमी कदी सांगितली न्हाई. आज तुमी सांगा एक चांगली बातमी."

मी खरोखर शोधली. खोटं सांगायचं नव्हतं. तुमच्यासमोर तर नाहीच. नांदेडहून लातूरपर्यंतच्या रस्त्यावर, त्या खोलीत, माझ्या घरात, कुठेच काही सापडलं नाही. मी म्हणालो, "आज काही नाही, बाई."

"असं नसतंय. नसंल तर उद्या सांगा. मी हाय."

मंगळवारी मी फोन केला नाही. सांगायला काही सापडलं नव्हतं. बुधवारी सकाळी विजयाचा फोन आला.

उदगीरला जंगमांनी मंत्र म्हटले, मीठ आणि विभूती घातली, आणि मग सगळ्यांना बेलाचं पान वाहायला पुढे बोलावलं. मी तुमच्या रीतीतला नाही, म्हणून मागे थांबलो होतो. विजयाने माझ्या हातात पान दिलं. मी ते तुमच्या मांडीवर ठेवलं आणि बाजूला झालो. बोलायची ती शेवटची जागा होती. तिथेही काही बोललो नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्यांचा फोनवर एक गट आहे. त्यावर मी तुमच्या जाण्याची बातमी चार ओळींत लिहिली. काल संध्याकाळी एक फोन आला. "सर, चंद्रकला बोलून राहिले. तिसरीतली." ती आता धर्माबादला असते, शिवणकाम करते, तिला दोन मुलं आहेत. तुमच्याबद्दल विचारत होती: किती दिवस आजारी होत्या, दुखत होतं का, जवळ कोण होतं. माझ्यापेक्षा तिचे प्रश्न बरे होते. तिचं विचारून झालं, आणि मग मी बावीस वर्षं न विचारलेलं विचारलं. म्हणालो, चंद्रकला, त्या दिवशी परिपाठात तुझ्या बातमीवर आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या तुला आठवत असतील.

"कोणच्या टाळ्या सर?"

मी सगळं सांगितलं. मागे शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"असंल सर. मला याद न्हाई."

तुमच्या हाताखालची विद्यार्थिनी. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली असणं शक्य होतं. पण पहिल्या उत्तरावर निघून जाण्याचा परिणाम मी आता शिकलो आहे. म्हणून पुन्हा विचारलं, "खरं सांग. वाईट वाटून घेणार नाही मी."

"खरंच न्हाई याद सर. वाकळ याद हाय. बाई मला घरी घेऊन गेल्या ते याद हाय, वाटेत एक शब्द बोलल्या न्हाईत. आन् फाटक याद हाय."

फाटकाचं काय, म्हणून मी विचारलं.

"बाई दुसऱ्या पोरान्ला इचारायच्या, आज काय छलो हाय. मला तसं न्हाई इचारायच्या. मला वाकून कानात इचारायच्या, चंद्री, आज काय वंगाळ हाय?"

"मग तू?"

"मंग मी सांगायची. आईनं मारलं. भाकर करपली. आजीची काठी बापानं चुलीत घातली. बाई नुसत्या आयकायच्या. शेवटी म्हनायच्या, बरं, जा आता वर्गात. चवथी सुटंस्तोवर रोज."

फोन ठेवल्यावर मी हे लिहायला कागद काढले.

म्हणजे तुम्ही शिकला होतात, बाई. तुमच्यावर दुःखाचा परिणाम होत नाही, तुम्हाला ते ऐकूच येत नाही, असं मी समजत होतो. ते तुम्हाला ऐकू येत होतं आणि ते कसं विचारावं हेही तुम्ही शोधून काढलं होतं, माझ्या खिडकीसमोर, माझ्या सूचनेला धक्का न लावता. मी नवशिक्या शिक्षकांना प्रश्न विचारण्याचं तंत्र शिकवत असे. प्रश्नातच उत्तर सुचवू नये, हा पहिला धडा. त्रास झाला का, काही अडचण, तब्येत कशी. हे प्रश्न उत्तर सोबत घेऊनच येतात. मी तुम्हाला आयुष्यभर असेच प्रश्न विचारले. आज काय वंगाळ हाय, हा प्रश्न तुम्ही नऊ वर्षांच्या एका मुलीला दीड वर्ष रोज विचारलात. तो तुम्हाला कोणीही विचारला नाही. लातूरच्या मांडवात मी तो विचारला असता तर तुम्ही खरं सांगितलं असतं, असं मी ठामपणे लिहू शकत नाही. पण तुम्ही सांगितलं नसतंच, असंही कोणी म्हणू शकणार नाही, कारण ते तपासून पाहण्याची सोय आम्ही सगळ्यांनी मिळून घालवली. आता ते कधीच कळणार नाही. याच्यात छलो काय, ते मला दिसत नाही. तुम्हाला दिसलं असतं कदाचित.

माझ्या घरामागे एक शाळा आहे. साडेदहाला तिची घंटा होते आणि पोरं रांगेत उभी राहतात. गॅलरीतून मला ती दिसतात. आज घंटा झाली तेव्हा मी हे लिहीत होतो. उठून उभा राहिलो. उद्या सांगा म्हणाला होतात. ठरलेला दिवस चुकला, तो दोष माझ्या नावावर राहू द्या. हात मागे बांधले आहेत. आवाज आपल्या पोरांसारखा मोठा निघत नाही.

आजची चांगली बातमी. चंद्रकलेला त्या टाळ्या आठवत नाहीत.